एस्नातच्या झाडांचा ताण

साधना चऱ्हाटेला गप्प बसणारी माणसं कधी कळली नाहीत. परतवाड्याहून जीपने पाऊण तासावर तिचं गाव, आणि त्या गावात गप्प बसणारं माणूस एक तर आजारी असतं, नाही तर पाहुणं. ग्रामसभेत एकाने ठराव मांडला की दुसरा उभा राहतो, तिसरा दुसऱ्याला खाली बसवतो, आणि चौथ्याला ठराव कशाचा हेच माहीत नसतं, तरी त्याचा विरोध असतो. भांडण झालं म्हणजे सगळ्यांचं ऐकून झालं, असा तिथला हिशेब. साधना त्यात मुरलेली होती. पन्नाशीला टेकलेली, उंच, उन्हाने रापलेली, अचलपूरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली आणि लग्नानंतरची सगळी वर्षं संत्र्याच्या बागेत राबलेली. तिच्या बागेचा बहार सहसा चुकत नसे. हे ती स्वतःच सांगायची, दुसऱ्याने सांगायची वाट बघत नसे.

या बोलक्या गावाला अपवाद एकच होता आणि तो नेमका तिच्या घरात होता. नवरा बंडूभाऊ. त्याला काही विचारलं की तो आधी आभाळाकडे बघायचा, मग पायाकडे, आणि मग म्हणायचा, "बरं." त्या एका शब्दावर साधनाने संसार रेटला. विहीर खोल केली, नवीन कलमं लावली, मुलीला, आकांक्षाला, शिकायला अमरावतीला ठेवलं. प्रत्येक वेळी बंडूभाऊ "बरं" म्हणाला आणि प्रत्येक वेळी तिने तो होकार धरला.

मलावीचंही तसंच झालं. अकोल्याची एक संस्था इथल्या अनुभवी शेतकऱ्यांना दोन-तीन महिन्यांसाठी आफ्रिकेतल्या गावांत पाठवायची. पगार नाही. तिकीट, राहणं, खाणं त्यांचं, बाकी सगळी सेवा. संस्थेचे मोरोपंत हे निवृत्त शिक्षक, अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी साधनाला एका कृषी मेळाव्यात बोलताना ऐकलं आणि तिथेच विचारलं. मलावीत डोंगराकडच्या एका भागात संत्र्याच्याच जातीची लहान फळं होतात, लोक गरीब आहेत, झाडांची निगा कशी राखायची हे दाखवणारं कोणी हवं आहे. साधनाने घरी येऊन पिशवी खाली ठेवायच्या आतच सांगून टाकलं.

"मी आफ्रिकेले चालली. जूनात जाते, ऑगस्टात येते."

बंडूभाऊने आभाळाकडे बघितलं, पायाकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला.

गाव मात्र इतक्यावर थांबणारं नव्हतं. पारावर पुंजाजी नावाचे एक वयस्क गृहस्थ बसायचे, गावातल्या प्रत्येक गोष्टीवर शेवटचं बोलणं आपलंच असा त्यांचा समज. ते म्हणाले, "फुकट काम करायले इतक्या दूर कायले जातं वं? माह्या वावरात ये नं, इथंबी फुकटच हाय." लोक हसले, साधनाही हसली. कोणी लष्कराच्या भाकऱ्या म्हणालं, कोणी म्हणालं तिथे वाघ असतात. वाघ आपल्या मेळघाटात असतात, तिथे सिंह असतात, असं तिने सुधारून सांगितलं आणि ती विमानात बसली.

पहिले दिवस तर सुखाचे गेले. गाव डोंगराच्या कुशीत होतं, माती तांबडी, घरं विटांची. सामायिक जीप तिथेही भरल्याशिवाय सुटत नव्हती, त्यामुळे तिला परतवाड्याच्या स्टँडवर उभं असल्यासारखंच वाटलं. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला न्सीमा म्हणतात, तो हाताने मोडून पालेभाजीला लावून खायचा. साधनाला त्यात फक्त ठेच्याची उणीव भासली. ती उणीव तिने सोबत नेलेल्या डब्यातून भरून काढली आणि निम्म्या गावाच्या डोळ्यांतून पाणी काढलं. तिथे वडीलधाऱ्या बाईला "अमायी" म्हणतात, म्हणजे आई. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तिला अमायी म्हणू लागले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती न लाजता बोलायची. जिथे अडेल तिथे ग्रेसन होता. हा संस्थेचा तिथला माणूस, चाळिशीचा, गाडीही चालवायचा आणि दुभाषाही व्हायचा.

ती राहायला होती एस्नात नावाच्या विधवेकडे. साठीच्या आसपासची बाई, मोजकं बोलणारी, चालताना कधी घाई न करणारी. मुलगी वारलेली, तिची तीन पोरं हिच्याकडे. घरामागे दहा-बारा झाडं होती आणि पोरांची शाळा त्या झाडांवर चालली होती. एस्नात रोज संध्याकाळी खालच्या ओढ्यावरून डोक्यावर बादली आणून एकेका झाडाला घालायची. साधनाने तिला झाडांवरची वाळकी काटकी, आपल्याकडे तिला सल म्हणतात, ती कशी कापून काढायची ते शिकवलं. खोडाला मोरचूद-चुन्याचा लेप लावायला शिकवलं. दोन्ही गोष्टी एस्नातला पटल्या आणि शेजारच्या बायकांनाही. साधनाची छाती फुगली, आणि ते रास्तच होतं, कारण काम खरोखर नीट झालं होतं.

मग आला ताण.

संत्र्याच्या बागेत ताण म्हणजे झाडाचं पाणी मुद्दाम तोडणं. रोज प्यायला मिळालेलं झाड पानं काढत बसतं. त्याला काही आठवडे तहानलेलं ठेवलं, की ते घाबरतं. मग पाणी सोडलं की एकदम फुलतं, सगळं एका वेळी. आपल्या वऱ्हाडात हे शेंबडं पोरही सांगेल. मलावीतल्या त्या गावात फळं थोडीथोडी, कधीही पिकायची, आणि व्यापाऱ्याचा ट्रक तर भरून माल असेल तेव्हाच यायचा. साधनाला वाटलं, या रोगाचं औषध माझ्या पदरात आहे.

एका मोठ्या झाडाखाली तिने सभा घेतली. ताण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने मातीही बघितली होती, उगाच नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तिथे ताण लांब देता येतो. ही माती हलकी, म्हणून तिने मुदत बरीच कमी सांगितली आणि आपल्या या सावधपणाचं तिला मनातून कौतुकही वाटलं. शेवटी तिने गावातल्या सवयीने आवाज चढवून, वऱ्हाडी थाटाच्या इंग्रजीत विचारलं, "कोनाले काही म्हनायचं असन तर आत्ताच बोला. मागून कुरकुर नोको."

ग्रेसनने भाषांतर केलं. कोणी काही बोललं नाही. बायका हसल्या, माना हलवल्या, दोघींनी टाळ्या वाजवल्या. आपल्या गावात एवढी शांतता मयतीतसुद्धा होत नाही. साधनाने तो एकमताचा ठराव धरला.

दुसऱ्याच दिवशी ग्रेसन तिला डोंगरापलीकडच्या गावांत घेऊन गेला. तिथे तिने सल काढायला शिकवलं, लेप लावायला शिकवला, मुक्कामही लांबला. परत आली तेव्हा एस्नातच्या घरामागे जाऊन ती उभीच राहिली.

ताणाची मुदत अजून सरली नव्हती आणि झाडाखाली पानांचा थर होता. ताणावर थोडी पानं गळतातच, पण ही थोडी नव्हती. फांद्यांची टोकं वाळली होती, उरलेली पानं गुंडाळून काळपट झाली होती. शेजारच्या कुंपणात मात्र झाडं हिरवीगार होती. त्यापुढच्या कुंपणातही. सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकीनेही पाणी तोडलं नव्हतं. त्यांनी शहाणपणाने आधी एस्नातच्या झाडांचं काय होतं ते बघायचं ठरवलं होतं. एस्नातला ती सोय नव्हती. पाहुणी तिच्या घरात राहत होती.

साधनाने कुदळ मागितली आणि एका झाडाजवळ खणायला सुरुवात केली. दोन वीत माती, आणि खाली कुदळ खणकन वाजली. दगडाचा सलग थर. मुळं त्या थरावर आडवी पसरलेली होती, खाली जायला त्यांना वाटच नव्हती. अशा जागी आठवडाभर पाणी नाही मिळालं तरी झाड कासावीस होणार.

"हे तुला ठाऊक होतं?" तिने इंग्रजीत विचारलं.

"हो," एस्नात म्हणाली. "खड्डे मीच खणले होते."

"मग बोलली का नाहीस?"

हा प्रश्न ग्रेसनने खाली बघत विचारला. एस्नातने गळलेलं एक पान उचललं. मग ती शांतपणे म्हणाली, आणि ग्रेसनने तितक्याच शांतपणे सांगितलं, "तुम्ही इतक्या लांबून, स्वतःचं घर सोडून आलात. पाहुण्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

साधनाला आधी राग आला. असा राग आला की ती तिथून उठून तडक ओढ्याकडे गेली. काय माणसं आहेत, झाड मरतंय आणि या रीतभात सांभाळतात. ओढ्याच्या काठावर बसल्यावर मात्र तिला रडू फुटलं. झाडाची अवस्था तर होतीच. त्याहून जास्त लागलं ते हे, की एस्नात रोज संध्याकाळी रिकामी बादली उपडी घालून त्या झाडांकडे बघत बसली असणार आणि तरीही तिने थेंबभर पाणी घातलं नाही. साधनाच्या शब्दावर. आणि साधनाचं परतीचं तिकीट आठवड्याभरावर आलेलं होतं. आपण केलेली चूक इथेच राहणार, आपण विमानात बसणार. गावात चूक केली तर उद्या त्याच पारावरून जावं लागतं, पुंजाजी आठ दिवस टोमणे मारतात. इथे तिला टोमणा मारायलाही कोणी उरणार नव्हतं, आणि शाळा सुटणार होती ती एस्नातच्या पोरांची.

तिने मोरोपंतांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"ताई, मनाला लावून घेऊ नका," मोरोपंत म्हणाले. "अशा कामात होतं असं कधीकधी. तुम्ही ठरल्याप्रमाणे या. अहवालात आपण प्रतिकूल हवामान असं लिहू."

"हवामानानं नाई झालं, मोरोपंतजी. माह्यामुळं झालं. मी थांबते. झाडाले पालवी फुटेस्तोवर थांबते. तिकिटाचं काय करायचं ते तुमी पाहा, जास्तीचा खर्च माह्या अंगावर."

मोरोपंतांनी तिला समजावून पाहिलं. पण साधना हट्टाला पेटली की तिला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्यांना मेळाव्यातच कळलं असावं. त्यांनी हो म्हटलं.

खरा फोन पुढचा होता. बंडूभाऊचाच आला.

"संत्री पडून राहिली," तो म्हणाला.

ऑगस्टात आंबिया बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधी फुललेल्या बहाराची, फळगळ लागते हे साधनाला कोणी सांगायला नको होतं. त्या दिवसांत ती रोज बागेत फिरायची. कुठल्या झाडाखाली किती पडली यावरून फवारणी कधी, पाणी कुठे तुंबलं, हे तीच बघायची. बंडूभाऊ सांगितलेलं काम चोख करायचा, पण सांगायला आता कोणी नव्हतं.

"मी आता नाई येत," ती म्हणाली. "इथले झाडं माह्यानं मरून राहिले. महिनाभर थांबा लागते."

तो आभाळाकडे बघत असणार. मग पायाकडे.

"बरं," बंडूभाऊ म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या कोणत्याही दिवशी साधनाचा जीव भांड्यात पडला असता. पण आज ती फोन हातात धरून तशीच बसली. समोर अंगणात एस्नात पोरांच्या ताटात न्सीमा वाढत होती, नेहमीसारखी, मुकाट्याने. आजवर ऐकलेले सगळे "बरं" तिला एकदम आठवले. विहिरीचा, कलमांचा, आकांक्षाच्या अमरावतीचा, आफ्रिकेचा. त्यांतले खरे किती होते?

तिने परत फोन लावला. "आयका. तुमाले राग आला असन तर बोला. मी मधात बोलनार नाई."

मग बंडूभाऊ बोलायला लागला आणि काय बोलला! तू कवा इचारलं मले, तू सांगतं अन् जातं. लोक मले हासून राहिले, बायको सेवा कराले गेली अन् नवरा पडलेली संत्री येचून राहिला. रातच्या भाकरीले घर खाले उठते. तिकडच्या झाडाले तू पानी घालशीन, अन् आपल्या झाडाले कोन पाहीन? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पंचवीस वर्षांचं साठलेलं एका फोनवर आलं. साधनाला दहा वेळा उत्तर सुचलं आणि दहा वेळा तिने ओठ दाबले. असं गप्प बसणं किती कठीण असतं, हे तिला त्या दिवशी प्रथम कळलं.

शेवटी तो थकला. "बोल आता," तो म्हणाला.

"तुमचं खरं हाय," साधना म्हणाली. "मी इचारलं नाई. आता इचारते. आपली संत्री गळली, तर आपला एक बहार जाईन. या बाईची झाडं मेली, तर तिचं सारंच जाईन, अन् माह्या हातानं जाईन. तुमी या म्हना, मी येते. खरंच येते. थांब म्हना, तर थांबते."

पलीकडे बंडूभाऊने नाक ओढलं. "आता कायले येतं? अर्धी तर पडली. थांब. पन थांबलीच हाय तर झाडं जगवूनच ये. दोन्हीकडून गेलं असं नोको व्हायले."

हा खरा होकार होता. त्यात "बरं" हा शब्दच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधना करवत घेऊन झाडाखाली उभी राहिली. बातमी पसरली होती, सभेतल्या सगळ्या बायका कुंपणाशी जमल्या होत्या. वाळत चाललेल्या झाडाचा भार कमी करायचा, मोठ्या फांद्या छाटून टाकायच्या, म्हणजे खोड तरी वाचेल, असा तिचा विचार होता. आपल्याकडे तेच केलं असतं. तिने पहिल्या फांदीला करवत लावली आणि मग थांबून एस्नातकडे बघितलं.

"मी चुकते आहे का?"

एस्नात गप्प. बायका गप्प. साधनाने करवत खाली ठेवली आणि मातीत फतकल मारून बसली. जोवर कोणी बोलत नाही तोवर आपण उठणार नाही, असं तिने ग्रेसनला सांगायला लावलं. ऊन चढू लागलं. तेव्हा एस्नात सावकाश पुढे आली. तिने त्या फांदीवर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "नाही."

कुंपणाशी दोन बायकांनी तोंडावर हात ठेवला. पाहुणीचा अपमान झाला होता. पाहुणीच्या चेहऱ्यावर मात्र, गावाहून निघाल्यापासून पहिल्यांदाच, घरी आल्यासारखा आनंद होता.

अर्थात म्हणून ती लगेच ऐकणार थोडीच! सवय जाते का? ती भांडली. का नाही, मग काय करायचं, पुरावा काय. एस्नातही आता मागे हटेना. दोघींच्या मधे ग्रेसनचा घसा कोरडा पडला. शेवटी एस्नातने नखाने फांदीची साल खरवडून दाखवली. आत हिरवी रेघ होती. फांदी मेलेली नव्हती, मेल्यासारखी दिसत होती. थांबायचं, ती म्हणाली. थोडं थोडं पाणी, रोज, खोडाशी नाही, फांद्यांच्या घेराच्या कडेला. आणि मातीवर गवताचा जाड थर, म्हणजे ऊन खालच्या दगडापर्यंत पोचणार नाही.

साधना हरली. मग डोक्यावर बादली घेऊन ओढ्यापासून झाडापर्यंत चढू लागली. पहिल्या दिवशी निम्मं पाणी तिच्याच अंगावर सांडलं आणि पोरांची करमणूक झाली. मान दुखली, गुडघे बोलू लागले. शेजारच्या बायकाही मग गवत कापून आणू लागल्या, आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर त्यांनी तिला पाणी कसं धरायचं, बादली कशी तोलायची, चालायचं कसं, सगळं सुनावलं. साधनाने सगळ्यांचं ऐकलं आणि त्यांतल्या निम्म्यांशी वाद घातला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका फांदीवर पोपटी ठिपका दिसला. मग दुसरीवर. एस्नातने साधनाला हाताला धरून नेलं आणि बोटाने दाखवलं. दोन झाडं मात्र गेली. त्यांना काही केल्या पालवी आली नाही. साधनाने ती स्वतः खणून काढली आणि खड्डे बुजवले नाहीत. एस्नातनेच बुजवू दिले नाहीत, दिसत राहू देत, म्हणाली.

घरी आल्यावर बागेने तिला हिशेब दाखवला. निम्म्याहून जास्त फळ गळून गेलं होतं, राहिलेल्याला व्यापाऱ्याने पाडून मागितलं. पुंजाजींनी पारावरून विचारलं, "काय वं, काय आनलं आफ्रिकेतून?" तिने सांगितलं, "अक्कल आनली. जरा महाग पडली." झालेलं तिने लपवलं नाही. आपल्या हातून दोन झाडं मेली हे ती ज्या ठसक्यात सांगायची, त्या ठसक्यात लोक आपली बक्षिसंही सांगत नाहीत. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, भुगा आणि गवत तिने बागेत झाडाखाली अंथरलं, आणि त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी नेहमीपेक्षा जास्त दिवस पुरलं. घरात एक नवीन रीत सुरू झाली. बंडूभाऊ "बरं" म्हणाला की साधना खुर्ची ओढून समोर बसायची आणि म्हणायची, "आता खरं सांगा." सुरुवातीला तो वैतागला. मग त्याला ते आवडू लागलं असावं, कारण कधीकधी तो "बरं" म्हणून स्वतःच खुर्चीकडे बघायचा. तरी त्या गळालेल्या बहाराचा विषय निघाला की त्याचा चेहरा पडायचा. तेवढी एक सल त्याच्या मनात राहिलीच.

उन्हाळ्यात मोरोपंतांनी तिला अकोल्याला बोलावलं, नव्याने जाणाऱ्यांशी बोलायला. समोर पंधरा-वीस जण, बहुतेक तरुण. श्रेयस नावाचा एक इंजिनिअर होता, पुण्यात नोकरी करून कंटाळलेला. त्याने विचारलं, "मॅडम, स्पष्ट सांगा. जाण्याचा फायदा जास्त की तोटा?"

"कोनाचा?" साधनाने विचारलं. "तुह्या फायद्याचं इचारशीन, तर लय फायदा हाय. दुनिया दिसते, मान मिळते, पोट्टे आई-बाबा म्हनतात, फोटो निंगतात. चुकलास तरी तुले काही होत नाई, तू विमानात बसतं. तोटा तिथंच ऱ्हायते, दुसऱ्याच्या अंगनात. अन् थोडा तुह्या घरी, तू नसल्यानं."

"म्हणजे जाऊ नको?"

"जा! मी तर पुन्हा जाईन. पन पयलं एकाच झाडावर करून पाहायचं. अन् तिथं कोनी तुले नाई म्हनत नसन, तर समजून घे का तू अजून पाहुनाच हाय. कोनी नाई म्हनेपर्यंत काहीच करू नोको. अन् घरचं इचारून जा. 'बरं' आलं तर पुन्हा इचार."

मोरोपंत मागे बसून ऐकत होते. पुढच्या तुकडीपासून त्यांनी मुदत वाढवली, आणि अहवालात हवामानाला दोष देणं त्यांनी बंद केलं.

मे संपत आला तेव्हाची गोष्ट. दुपारच्या रणरणत्या उन्हात साधना आणि बंडूभाऊ कूलरसमोर बसले होते. फोन वाजला. व्हिडिओवर ग्रेसनचं कपाळ दिसलं, मग फोन हलला आणि एस्नात दिसली. तिने फक्त फोन वळवला.

झाडं लगडली होती. पिवळी-केशरी फळं, एका वेळची, एका आकाराची, फांद्या खाली वाकलेल्या. त्या जीवघेण्या तहानेने झाडांना घाबरवलं होतं खरं, आणि जी जगली ती भरभरून फुलली होती. कुंपणाबाहेर ट्रक उभा होता. साधनाने तोंडावर पदर घेतला. रडायचं की हसायचं ते तिला ठरवता येईना, म्हणून तिने दोन्ही केलं.

मग एस्नातने ते दोन खड्डे दाखवले. अजून रिकामे. आणि ग्रेसनकरवी सांगितलं, की मागच्या महिन्यात दुसऱ्या देशाचा एक स्वयंसेवक आला होता, भारी खत घेऊन, सगळ्या झाडांना घाला म्हणत होता. सभा झाली. गावातल्या बायका एकामागून एक उठल्या आणि नाही म्हणाल्या. आधी एका झाडाला घाल, म्हणाल्या. बिचारा गांगरला, पण त्याने ऐकलं.

"आता आमच्या सभेत फार आरडाओरडा होतो," एस्नात म्हणाली. "हे तुझ्यामुळे झालं." तिने तक्रार केली की आभार मानले, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

बंडूभाऊ इतका वेळ मागून वाकून बघत होता. वर्षभर त्या बाईचं नाव निघालं की तो उठून जायचा. आता त्याने चष्मा पुसला, फोन साधनाच्या हातातून घेतला आणि त्या वाकलेल्या फांद्या निरखून बघितल्या. एकेक फांदी. मग तो सरळ एस्नातलाच म्हणाला, जणू तिला वऱ्हाडी समजतच होतं.

"बाई, मी सालभर इचार करून राहिलो होतो का आमची पडलेली संत्री गेली कुठी. तुमच्या झाडाले लागली म्हना की."

साधनाने ते इंग्रजीत केलं, ग्रेसनने पुढे नेलं. एस्नात ऐकून विचारात पडली. तिने एक फळ तोडलं, कॅमेऱ्यासमोर धरलं आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हनते?" बंडूभाऊने विचारलं.

"म्हनते, तुमचीच हायत तर खायले या. अन् येतांनी ते दोन खड्डे भराले कुदळ चालवनारा मानूस पाहिजे."

बंडूभाऊने आभाळाकडे बघितलं, म्हणजे घराच्या पत्र्याकडे. मग पायाकडे. साधना सवयीने खुर्ची ओढायला उठली, पण त्याने "बरं" म्हटलंच नाही. त्याने खुंटीवरचा दुपट्टा घेतला, बागेला पाणी सोडायची वेळ झाली होती. दारापर्यंत गेला आणि उन्हात डोळे बारीक करून मागे वळला.

"काय वं," तो म्हणाला, "थो पासपोर्ट काढाले अमरावतीलेच जा लागते काय?"